पांढऱ्या आंब्याचा फोटो

पत्रकं लिहायला मी विसाव्या वर्षी शिकले. मथळा जाड, वाक्यं आखूड, शेवटी उद्गारचिन्ह. आमच्या संघटनेचे भाऊ म्हणायचे, "माणूस एसटी येईपर्यंतच वाचतो. तेवढ्यात त्याला राग आला पाहिजे." राग मला आणता येत होता. पुरावा आणता येत नव्हता, आणि नव्वदीच्या सुरुवातीच्या त्या वर्षी आम्हाला पुरावाच हवा होता.

झरीकडच्या एका पाड्यालगत दगड फोडून खडी करणारं क्रशर चालू होतं. ट्रक भरभरून अच्छाडच्या बाजूने हायवेला लागायचे. मालकाला आता शेजारी दुसरं क्रशर बसवायचं होतं, आणि ते बसणार होतं एका बाईच्या बांधाला लागून. तिला सगळा पाडा मावशी म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचे. भाताचा एक तुकडा आणि आंब्याची सात झाडं, एवढं तिचं. मोहोर यायचा आणि धुळीत गच्च होऊन गळायचा. पानांवर बोट ओढलं की रेघ उठायची. परवानगीवर डहाणूला सुनावणी व्हायची होती. दुसरं क्रशर आलं तर ती सात झाडं संपली, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? पण सरकारी कार्यालयात जो तो म्हणायचा, "धूळ काय हो, पावसात धुऊन जाते. झाड आजारी आहे कशावरून?"

कशावरून! मी पेटले.

माझे वडील रेल्वेत, आम्ही डहाणूला क्वार्टरमध्ये राहायचो. स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत मी कॉलेजपासून फोटो धुवायला शिकले होते. स्टुडिओवाले काका गुजराती, लग्नं आणि पासपोर्टचे फोटो यांवर त्यांचं चालायचं. त्यांच्याकडे पडलेल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात मला तो लेख सापडला. इन्फ्रारेड नावाची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म असते. तिच्यावर निरोगी पान पांढरंशुभ्र उमटतं आणि आजारी पान काळपट. डोळ्याला फरक दिसत नाही, फिल्मला दिसतो.

"काका, मला हीच फिल्म पाहिजे."

"बेन, साधी फिल्म मागवायला मला आठ दिवस लागतात नि तू आ काय मागते?"

तरी त्यांनी मुंबईहून दोन रोल आणून दिले. एक रोल मी शिकण्यात घालवला. ही फिल्म कॅमेऱ्यात भरताना मिट्ट काळोख लागतो. मी नेहमीसारखी स्टुडिओच्या पुढच्या खोलीत सावलीत भरली, आणि सुरुवातीच्या फ्रेमा जळून गेल्या. उरलेल्या फ्रेमांवर लेन्स तपासली. काकांच्या नव्या झूम लेन्सने प्रत्येक फोटोच्या मधोमध चपातीएवढा फिकट डाग पाडला. काकांनी ती प्रिंट उजेडात धरली आणि म्हणाले, "आ तो भूत छे! लग्नात काढला असता तर नवरीच्या बापाने मला मारला असता."

मग त्यांनी कपाटातून नॅपकिनमध्ये गुंडाळलेल्या तीन जुन्या लेन्स काढल्या. एकीत समुद्राच्या हवेने बुरशीचं जाळं धरलेलं. दुसरीचं ग्रीस सुकून रिंग अडकलेली. तिसरी दगडासारखी जड, काळा रंग उडून पितळ दिसत होतं, पण तिच्यावर एक बारीक लाल ठिपका होता. तो ठिपका इन्फ्रारेडसाठी. आधी डोळ्याने फोकस करायचा, मग रिंग त्या ठिपक्यापर्यंत सरकवायची, कारण हा उजेड जरा वेगळ्या जागी जुळतो. नव्या झूमवर कंपनीने ठिपका दिलाच नव्हता. पुढे दुसऱ्या रोलवर त्या म्हाताऱ्या लेन्सने पान न् पान सोलून दाखवलं.

दुसरा रोल मी एकाच दिवशी दोन ठिकाणी वापरला. सकाळी कोसबाडच्या टेकडीवर, जिथे धुळीचा कण नाही अशा बागेतल्या आंब्यांवर. तिथून झरीकडे. आधी फोकस, मग लेन्सवर गडद लाल फिल्टर. तो इतका गडद, की त्यातून काहीच दिसत नाही.

मावशी बाजूला उभी राहून बघत होती. "एवढं काळं झाकण लावलंस, आता काय दिसणार तुला?"

"मला नाही, मावशी, फिल्मला दिसतं."

"आनी मी कुठं उभी रहू?"

"तू नको. झाडंच पाहिजेत."

"झाडाचा कोण फोटो काढतं, बाय? माणसाचा तरी कवा काढतात, मेल्यावर भिंतीला लावायला!" आणि स्वतःच हसली.

रोल मी क्वार्टरच्या मोरीत धुतला, दाराच्या फटीला गोधडी लावून. डेव्हलपर थंड ठेवायला मासळीबाजारातून बर्फ आणला होता. आईने दोन दिवस नाक मुरडलं. पण निगेटिव्ह सुकताच मी ती उजेडात धरली. लेखात होतं तसंच! प्रिंट काढल्यावर कोसबाडची झाडं आतून दिवा लावल्यासारखी पांढरी. मावशीची झाडं मळकट, काळपट, चुलीतल्या राखेसारखी. पुरावा मिळाला होता. त्या संध्याकाळइतका आनंद मला चळवळीत पुन्हा कधी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ आणि मी प्रिंट घेऊन पाड्यावर गेलो. दहा-बारा माणसं जमली. मी बोलायला तोंड उघडायच्या आत मावशीने कोसबाडच्या फोटोवर बोट ठेवलं.

"हीच माझी. बघ बघ, धुळीनं कशी पांढरी झालीत!"

"हां, हीच," बाकीचे म्हणाले. काळपट फोटो कुणी हातातही घेतला नाही. एक जण म्हणाला, "ही दुसरी तर बरी दिसतात."

त्यांचं काय चुकलं? पांढरं पान म्हणजे धूळ, हे ते रोज डोळ्यांनी बघत होते. समजावायचं काम माझं होतं. मी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी मान हलवली: आत्ता नको.

परतीच्या एसटीत मी भांडले. "भाऊ, ती कोसबाडची झाडं आहेत."

"झाडं मरतायत की नाही?"

"मरतायत."

"मग खोटं काय आहे? जिची झाडं तिला पटलं. तू काळं म्हणजे आजारी नि पांढरं म्हणजे निरोगी असलं शास्त्र शिकवत बसणार? पत्रकावर पाव पान जागा आहे आपल्याकडे."

मी पिशवीतून वही काढली. कुणी दम दिला नव्हता, काही नाही. मला पटलं होतं, हे आज कबूल केलंच पाहिजे. मथळा मीच लिहिला, माझ्या हाताने: 'धुळीने पांढरी पडलेली झाडं! जबाबदार कोण?' कोसबाडचा तो फोटो पत्रकावर छापला, अर्जालाही जोडला. अर्जावर पहिला अंगठा मावशीचा.

सुनावणीला मावशी धुतलेलं लुगडं नेसून आली होती. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने फोटो नीट बघितला आणि विचारलं, "बाई, ही तुमची झाडं?"

"हो साहेब, माझीच."

"नक्की?"

"माझी मी वळखत नाय का?"

क्रशरमालकाचा वकील फोटो बघायला उठला. त्याला त्यात काही सापडलं नाही. सापडलं ते कागद पुढे द्यायला उभ्या असलेल्या कारकुनाला. तो बिचारा कुणाच्या बाजूचा नव्हता. सहज बोलून गेला, "साहेब, हा तर कोसबाडचा आंबा. हा जुळा बुंधा आणि मागची पाण्याची टाकी. मी तिथूनच येतो रोज."

वकिलाने तोंड पुसलं. "साहेब, कोसबाडला क्रशर कधी झालं?"

लोक हसले. मी उभी राहिले आणि इन्फ्रारेड, लाल ठिपका, निरोगी पान असं सगळं भडाभडा बोलायला लागले. काळपट प्रिंट पिशवीतून काढून दाखवली. अधिकारी म्हणाला, "ताई, आता तुम्ही म्हणता काळी ती आजारी. पत्रकात म्हणता पांढरी ती आजारी. मी कशावर विश्वास ठेवू?" त्याचं बरोबर होतं. मी भाऊंकडे पाहिलं. ते चपला शोधत होते.

मावशी फक्त माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी करीन म्हणून. अर्ज फेटाळला गेला. 'अर्जदाराने दिशाभूल केली' असा शेरा पडला. अर्जदार म्हणजे ती. पत्रकाखाली नुसतं संघटनेचं नाव होतं. माझं नाव कुठेच नव्हतं.

दुसरं क्रशर बसलं. पाड्यावर जो उठे तो तिला टोमणे मारी, "काय मावशी, कोसबाडला बाग घेतलीस म्हणे?" मी तिच्याकडे गेले तोवर महिना उलटला होता. लाजेने गेले नाही, हे खरं. गेल्यावर दोन्ही प्रिंट तिच्यासमोर ठेवल्या आणि जे पहिल्या दिवशी सांगायचं होतं ते सांगितलं. तिने काळपट प्रिंट उचलून जवळ धरली.

"म्हंजे तुला तवाच ठावं होतं?"

"हो."

"मंग मी हो म्हनले तवा तू बोलली का नाय?"

मी म्हटलं, चुकलं. म्हटलं, नवा अर्ज करू, या वेळी सगळं खरं लिहू, साधे रंगीत फोटो लावू. अर्ज मी लिहूनच आणला होता. शाईचा पॅड उघडून पुढे धरला. तिने हात पदराखाली घेतला.

"या वेळी तुझा अंगठा लाव," ती म्हणाली आणि क्रशरच्या आवाजात आत निघून गेली.

नियम मला पाठ होता, मीच तो पत्रकात छापला होता. अर्जदार बाधित असावा लागतो. माझी त्या गावात जमीन नव्हती, झाड नव्हतं, माझ्या घरात धूळ येत नव्हती. माझी सही चालली नसती.