राबात पडलेलं रॉकेट

मॅट्रिकची परीक्षा झाल्यावर महिनाभर खपून मी एक रॉकेट केलं. लाटण्यावर वर्तमानपत्र गुंडाळून खळीनं नळी चिकटवली, पोस्टकार्डाचे तीन पंख लावले आणि दिवाळीपासून जपलेल्या बाणांची दारू आत भरली. मुळशीतल्या आमच्या खाचरात उभं करून वात पेटवली. काय सुसाट गेलं! आंब्याच्या शेंड्याच्याही वर चढलं आणि येताना धगधगत चुलत्याच्या राबावर पडलं.

राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला रचलेला शेण-पाचोळ्याचा थर. तो भडकला. चुलता बोंबलत आला, "माजा राब जाळला की रं ह्यानं!" अहो, जाळायलाच रचला होता ना? दुसऱ्या दिवशी तुम्हीच काडी लावणार होता! पण ऐकतो कोण? गाव गोळा झालं, आईला हात जोडायला लावले आणि उरलेली नळी चुलत्यानं पायाखाली चिरडली.

त्याच राबात पुढं रोप असं तरारलं की चुलता लोकांना बोलावून दाखवायचा.

मी राब जाळला, हे गावानं मला जन्मभर ऐकवलं. रॉकेट किती उंच गेलं, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही.