प्रश्न बांधून देणारी बोंगची

बोंगची या नावाचा अर्थ "असू दे, वाढवू." चौथीही मुलगीच झाली तेव्हा बाप एवढंच बोलला आणि नोंदणीच्या कारकुनाने तेवढंच लिहून घेतलं. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. निदान बापाने काहीतरी ठरवलं होतं, असं ती म्हणते. बहुतेक लोकांना तेवढंही जमत नाही, आणि हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तैवानमधल्या लुकांगच्या मासळी बाजारामागे समुद्राची देवी माझूमाता हिचं लहानसं देऊळ आहे. तिथे उजव्या खांबाशी, नगाऱ्याच्या खाली, लाल प्लास्टिकच्या स्टुलावर ती अडतीस वर्षं बसते आहे. ती पुजारीण नाही, पगारी नाही, तिच्या अंगातही काही येत नाही. ती लोकांना प्रश्न बांधून देते. बदल्यात कुणी पेरू ठेवतं, कुणी वाळवलेले बोंबील. नाही ठेवलं तरी चालतं, फक्त ती लक्षात ठेवते.

कौल लावणं कुणालाही जमतं. चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. हातात घेऊन गुडघे टेकायचे आणि टाकायचे. एक सपाट, एक फुगीर पडला तर होकार. दोन्ही फुगीर वर, तर नकार. दोन्ही सपाट वर, तर माता हसली, म्हणजे पुन्हा नीट विचारा. मोठ्या कामाला लागोपाठ तीन होकार लागतात. एवढं तर दुसरीतल्या पोरालाही येतं. घोडं अडतं ते विचारण्यापाशी.

डुकराचं मटण विकणारा एकजण मातेसमोर बसून विचारत होता, "पोराचं लग्न थोरलीशी लावू की धाकटीशी?" माता अकरा वेळा हसली. तो रडकुंडीला आला. बोंगची स्टुलावरूनच म्हणाली, "अहो, तिने मान हलवायची ती कुणाच्या नावाने? एका वेळी एक पोरगी विचारा."

दुसरा एकजण मूल व्हावं म्हणून आला होता. प्रश्न नीट, तीन होकार नीट. पण विचारण्याआधी नाव, जन्मसाल आणि पत्ता सांगावा लागतो, आणि या शहाण्याने सवयीने जुना पत्ता सांगितला. चार महिन्यांनी जुन्या घरातल्या नव्या भाडेकऱ्याच्या बायकोला दिवस गेले. हा इकडे पाळणा रंगवून बसलेला. तेव्हापासून बोंगची प्रत्येकाकडून पत्ता मजल्यासकट म्हणवून घेते.

अशी ही बाई. तिने स्वतःसाठी मात्र कधी कौल लावला नाही. नवरा होकलाय जिवंत होता तोवर तोच सगळं ठरवायचा आणि तिला वाटायचं की आपण ठरवतोय. तो जाऊनही आता बारा वर्षं झाली.

मुलगा चिनहुई तैपेईला. दोन वर्षांपासून तो दर रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी एकच पालुपद लावायचा. "आई, इकडे ये राहायला. चौदावा मजला आहे, लिफ्ट आहे, दक्षिणेकडची खोली तुझ्यासाठी रिकामी ठेवलीय."

"मला इथे कामं आहेत."

"लोकांना स्वतःचे प्रश्न स्वतः विचारता येत नाहीत का?"

"नाही येत."

मग हवापाणी, मग गुडघे, मग फोन ठेवायचा. असं छान चाललं होतं. पण या वसंतात ती अंगणात पाय घसरून पडली आणि शेजारच्या साउफाँगने आगाऊपणा करून चिनहुईला कळवलं. आता नाही म्हणायला तोंड उरलं नाही. एका रविवारी ती वैतागून बोलून गेली, "तुझ्या बाबांना विचार. श्राद्धाला ये, कौल लाव. तीनदा हो आलं तर निमूट गाठोडं बांधते."

बोलली आणि तिचं तिलाच कळेना की हे आपण काय करून बसलो. अख्ख्या गावाला तिने शिकवलं होतं की एकदा विचारलं की उत्तर पाळायचं. तिला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. चौदाव्या मजल्यावर तिला कोण विचारणार, आणि काय? दक्षिणेकडच्या खोलीत बसून ती उन्हाकडे बघणार. दोनदा तिच्या मनात आलं की प्रश्नच असा बांधावा की होकार आला तरी इथेच राहता येईल. तिला ते सहज जमलं असतं. पण तिने नाही केलं. आपल्या हाताने आपलंच काम नासवायचं, तेही नवऱ्यापुढे, हे तिला लाजिरवाणं वाटलं.

श्राद्धाच्या दिवशी चिनहुई दुपारी बाराला आला. बायको-पोराशिवाय, एकटाच आला.

"श्यालिंग?"

"कामावर."

"आणि पोर?"

"शिकवणी."

तो वाळला होता. बोंगचीने त्याचं खापर तैपेईच्या पाण्यावर फोडलं. तिने होकलायच्या फोटोसमोर टेबल मांडलं. उकडलेली कोंबडी, तळलेला मासा, कालवांची भजी, भाताचा वाडगा, तांदळाच्या दारूची वाटी. जेवायच्या काड्या आठवणीने ठेवल्या, कारण एका वर्षी विसरल्या होत्या आणि तासभर नकार येत राहिला होता. घरच्या माणसाला विचारायला लाकडी जोडी लागत नाही, दोन नाणी चालतात. एक छापा, एक काटा, म्हणजे हो. दोन छापे, म्हणजे हसू.

अर्धी उदबत्ती जळल्यावर तिने फोटोला विचारलं, "जेवलात का?" पहिल्याच फेकीला हो. नवल नव्हतं. जिवंतपणीही बाकीचे बसेपर्यंत त्याचा हात धुवून झालेला असायचा.

मग तिने नाणी मुलाच्या हातात दिली आणि प्रश्न बांधून दिला. सरळ, एकच, पळवाट नसलेला. चिनहुईने गुडघे टेकले. "बाबा, मी तुमचा मुलगा चिनहुई, ड्रॅगनच्या वर्षातला, राहणार तैपेई, चौदावा मजला. आईला कायमची माझ्या घरी न्यायची आहे. तुमची परवानगी आहे का?"

दोन छापे.

त्याने पुन्हा सगळं म्हटलं. दोन छापे. तिसऱ्यांदाही दोन छापे. एक नाणं घरंगळत कपाटाखाली गेलं होतं, ते बोंगचीने झाडूने ओढून काढलं तर तेही छापाच.

तिला आधी हायसं वाटलं, आणि वाटल्याची लाज वाटली. मग तिच्यातली स्टुलावरची बाई जागी झाली. तीनदा हसू म्हणजे सांगण्यात खोट. "प्रश्न मी बांधलाय, तो बरोबर आहे," ती म्हणाली. "पत्ता पुन्हा सांग. नीट."

"सांगितला की."

"अर्धवट सांगितलास. रस्ता नाही, घर नंबर नाही. आणि मोठ्याने बोल, डिझेलच्या इंजिनाने त्यांचा उजवा कान गेला होता."

चिनहुई हातातल्या नाण्यांकडे बघत राहिला. एरवी तिने दुसरं गिऱ्हाईक पुढे घेतलं असतं, पण इथे दुसरं कुणी नव्हतं. शेवटी तो फोटोकडे वळला. आईशी इकडचं तिकडचं बोलता येतं, पण उदबत्ती पेटलेली असताना मेलेल्या बापाला खोटा पत्ता सांगणं चौथ्यांदा जमलं नाही.

"बाबा, मी चिनहुई. राहणार सांचुंग, गल्ली अठरा, मागचा जिना, गच्चीवरची पत्र्याची खोली." मग तो म्हणाला, "एकटाच."

नाणी त्याने टाकली नाहीत. टाकायला प्रश्नच उरला नव्हता.

बोंगची खुर्चीवर बसली. "श्यालिंग गेली?"

"दीड वर्ष झालं."

"पोर?"

"तिच्याकडे. महिन्यातून एकदा भेटतो."

"मग मला कुठे नेणार होतास? पत्र्यावर?"

"तू येणार नाहीस हे माहीत होतं मला." तो अजून गुडघ्यावरच होता. "ये म्हटलं की तू नाही म्हणायचीस, मग गुडघ्यांचं सांगायचीस. अर्धा तास जायचा. मला दुसरं काय बोलावं सुचायचं नाही."

"आणि तीनदा हो आलं असतं तर?"

"त्याचाच विचार करत होतो मी गाडीत बसून. येताना सगळा वेळ."

बोंगचीला खूप राग आला. मुलाचा नाही, दीड वर्षाच्या रविवारांचा. जगाच्या पोटातलं ती एका प्रश्नात बाहेर काढत होती, आणि याला तिने एकदाही उलटं विचारलं नव्हतं की तू कसा आहेस. तिचे डोळे भरून आले आणि ते तिने लपवले नाहीत.

चिनहुईने खाकरून घसा साफ केला आणि नाणी पुन्हा ओंजळीत घेतली. "बाबा," तो फोटोला म्हणाला, "मी इकडे... म्हणजे, मी जर घरी परत—"

बोंगची उठली. तिने त्याची बोटं उघडून दोन्ही नाणी काढून घेतली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

"हे विचारायचं नसतं," ती म्हणाली.

"पण बाबांना..."

"गप. ऊठ आधी." तिने फोटोसमोरचा भाताचा वाडगा उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला, वर माशाचा पोटाकडचा तुकडा ठेवला. "खा. वर तुझ्या खोलीत लसणाच्या जुड्या टांगल्यात, जेवण झालं की त्या खाली आण."