शिंगराच्या डॉक्टरबाई

जनावर बरं होईल का, असं विचारलं की डॉक्टर शीलाबाई कधीच 'हो' म्हणायच्या नाहीत. "पाहू," एवढंच म्हणायच्या आणि हात धुवायला निघायच्या. वडशातलं निम्मं गाव त्यामुळे त्यांच्यावर नाराज. दोन गोड शब्द बोलायला काय जातं यांचं, असं माझे बाबा तर तोंडावर म्हणाले होते. बाई हसल्या. "भाऊ, मले औषध देता येते, थापा नाई देता येत."

चांदणी ही आमची वरातीची घोडी. तिला शिंगरू झालं तेव्हा घर आनंदानं वेडं झालं, आणि ते उभं राहिलं तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरली. पुढचे दोन्ही गुडघे आत वळून एकमेकांना भिडलेले. वाकड्या पायाच्या घोड्यावर कोणता नवरदेव बसणार? बाबांनी बाईंना बोलावलं. त्यांनी शिंगराला थोडं चालवून पाहिलं, मग एकेक पाय धरून गुडघा तळहातानं हळूच बाहेर रेटला. डावा सरळ झाला. उजवा होईना.

"डाव्याचे सांधे सैल हायेत, हाडं कवळी हायेत. आराम भेटला तं सुधरन. उजव्याचं हाड एका बाजूनं जास्त वाढून राह्यलं, तिथं मेहनत लागन. याले तबेल्यातच ठेवा, पळवू नका."

आता आमच्या धंद्याची रीत अशी, की शिंगरू पहिल्यापासून आईमागं वरातीत पळतं. बँडची, फटाक्यांची भीती तेव्हाच मोडते. "चालल्याबिगर पाय सरळ कसे होतीन बाई?" बाबांनी वाद घातला.

"कवळ्या हाडावर भार पडला तं हाड चेपते भाऊ. मंग मले बोलावू नका."

बाबांनी ऐकलं, पण धुसफुसत. ऐन लग्नसराईत घोडी दारात उभी, कारण शिंगराला टाकून ती पाऊल उचलायची नाही.

आणि मग बाबांच्या जिवलग मित्राच्या मुलाचं लग्न आलं. दोस्तीपुढं बाईंचं काय चालणार! चांदणी नटली, तिच्यामागं शिंगरू, डांबरी रस्ता, संपता न संपणारा नाच. परत आलं ते उजवा पाय टेकवेना. बाबांना वाटलं, बाई आता फाडून खाणार. बाई आल्या त्या सरळ शिंगराचा पाय चाचपायला बसल्या. तेच बाबांना जास्त लागलं. चंद्रपूरला नेऊन एक्स-रे काढला. कापसाच्या जाड थरावर फळी बांधली, आणि ती कुठं घासत नाही ना, हे बाई रोज सोडून पाहायच्या. पुढं खुराची बाहेरची कडा कानशीनं जराजरा घासताना त्या शिंगराशी बोलायच्या, "माह्यावर राग नको धरू बापा." आम्हा माणसांशी इतकं गोड कधी बोलल्या नाहीत!

डावा पाय सुरेख सरळ झाला. उजव्यात किंचित बाक राहिला, माहीत असल्याशिवाय दिसायचा नाही. बाबांनी आशेनं विचारलं, "वरातीत चालन ना?"

"नाई भाऊ. चरन, पळन, मजेत राहीन. पन याच्यावर मानूस बसवू नका. कधीच."

"मंग एवढं केलं कायले?" बाबा ओरडले.

बाईंचे डोळे भरून आले. "त्याले जगायचं होतं ना, भाऊ," म्हणाल्या आणि गेल्या. मला त्या दिवशी बाबांचा फार राग आला.

लवकरच बाईंची एटापल्लीला बदली झाली. बाबा निरोपालाही गेले नाहीत, असा रुसवा.

मग एकदा जत्रेत पोरांना घोड्यावर फिरवणारा एक माणूस आमच्याकडे आला. शिंगराचं आता उमदं घोडं झालं होतं. त्यानं दात पाहिले, पाय चाचपले, पसंत केलं. बाक त्याच्या ध्यानातच आला नाही. बाबांनी दोर त्याच्या हातात दिला, पण स्वतःची मूठ काही सोडेनात.

"उजवा पाय कच्चा हाय याचा," शेवटी ते म्हणाले. "वजन नाई घेत."

माणूस चालता झाला. बाबा अंगणात कितीतरी वेळ तणतणत फिरत होते.

"त्या बाईनं मलेबी बिघडवून ठेवलं!"