गेणभाऊंची किळस

माझ्या सासऱ्यांना सगळ्यात जास्त किळस येते ती दुसऱ्याच्या बोटांची. पाणी देणाऱ्याचं बोट पेल्याच्या आत गेलेलं दिसलं की त्यांची तहान तिथंच मरते. लग्न होऊन मी लोणी गावात आले, तेव्हा मी दिलेलं पहिलंच पाणी त्यांनी माझ्यासमोर तुळशीत ओतलं आणि म्हणाले, "पेला बुडाशी धरायचा, रोहिणी." हातावरची मेंदीसुद्धा उतरली नव्हती माझ्या. तेव्हा जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

गाव त्यांना गेणभाऊ म्हणतं, मी मामा म्हणते. पोलिसांच्या हत्यारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. बंदुका उघडायच्या, पुसायच्या, तेल द्यायचं, पुन्हा जोडायच्या. त्यांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली आणि लेंड्यांच्या वासात सुखानं झोपले. हे मात्र मेंढरांच्या वाड्यावरून जाताना नाकाला रुमाल लावतात. एसटीत बसत नाहीत, कारण खिडकीखाली कोणी तरी पिचकारी मारलेली असते. लग्नाच्या पंगतीत वाढप्याची नखं बघून उठतात, आणि यजमान मागं मागं धावतो. माझ्या सासूबाई, सरूबाई, म्हणतात, "देवानं ह्यांला नाक दिलं आन बाकीचं द्यायचं इसरला." एवढं म्हणून त्यांचा पेला पुन्हा एकदा विसळतात.

लंकाबाई आमच्या भावकीतल्या, मामांना चुलत बहीण लागतात. एकट्या राहतात, एकट्याच बटाट्याचं रान करतात. त्यांच्या हातचंसुद्धा पाणी मामांनी एकदा भर उन्हात नाकारलं होतं. त्यानंतर मामा बांधावरून जाताना दिसले तरी लंकाबाईंनी कधी पाणी विचारलं नाही.

लंकाबाईंच्या रानाला लागून दादाभाऊंची बागायत. दादाभाऊंचा कळंबला हायवेवर ढाबा आहे आणि त्यांना बंदुकीचा भारी शौक. त्यांच्याकडची रायफल बावीस बोअरची. चाप ओढला की गोळी सुटते, तिच्याच धक्क्यानं रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि पुढची गोळी आपोआप नळीत जाते. तिचा परवाना रीतसर, रानडुकरं मारायची वनखात्याची परवानगीही रीतसर. नुसतं दादाभाऊंचं डोकं तेवढं रीतसर नाही. एवढीशी गोळी घेऊन हा माणूस डुकराच्या वाटेवर जाऊन बसला.

पहिली गोळी डुकराला लागली. दुसरी सुटलीच नाही, कारण पहिलीची पुंगळी नळीतच अडकून बसली. रक्ताळलेलं डुक्कर अंधारात पळालं आणि दादाभाऊ घरी जाऊन जेवले. ते कुठं गेलं हे शोधायला कोणी फिरकलं नाही. पुढं लंकाबाईंच्या वाडीला वासानं कळलं की ते त्यांच्याच विहिरीत पडून सडलंय.

वनखात्याच्या माणसांनी धूड वर काढून नेलं. पण जे सुटून पडलं होतं ते खालीच राहिलं. मी वाकून पाहिलं आणि दिवसभर जेवले नाही. पाण्यावर थिजलेल्या तुपासारखा तवंग, त्यात केस चिकटलेले, आणि कडेला काही तरी पांढरं वळवळत होतं. लंकाबाई आणि वाडीतली चार घरं हेच पाणी पीत होती.

ही घाण उपसायची कोणी? दादाभाऊंनी हात वर केले. "काडतुसंच खराब निघाली, त्याला मी काय करू?"

"बंदूक तुजी, तवा घाण बी तुजी," लंकाबाई म्हणाल्या.

भैरवनाथाच्या देवळात बसून गावानं तोड काढली. गेणभाऊंनी वेगवेगळी काडतुसं घालून रायफल तपासायची. दोष काडतुसांचा निघाला तर कोणाकडे बोट दाखवायचं नाही, गाव सवडीनं विहीर उपसेल. निगा राखण्यात कसूर झाली असेल, तर ज्याची कसूर त्यानं लगेच विहिरीत उतरायचं आणि आपल्या हातानं गाळ काढायचा. आमच्या गावाची सवड मला ठाऊक आहे, आणि लंकाबाईंनाही. म्हणजे त्या निकालावर त्यांचं पाणी टांगलेलं होतं. मामांनी मान हलवली. तोंडावर नव्हते दाखवत, पण एवढा मान मिळाल्यानं आतून सुखावले होते.

पोलीस पाटलाला कळवून दादाभाऊंच्या बंद पडलेल्या खाणीत मातीच्या दरडीसमोर चाचणी ठेवली. मामांना मीच स्कूटीवर घेऊन गेले. लंकाबाई आधीच येऊन दगडावर बसल्या होत्या. तिथं कसला वास नव्हता, तरी पदर नाकाला. नाकात बसलेला वास लवकर जात नाही.

मामांनी रायफल घेतली, नळीतून आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नळी चकचकीत हाय. दसऱ्याच्या आदी मीच साफ करून दिली व्हती." एवढ्यावर त्यांनी निगेचा विषय मिटवला आणि काडतुसांकडे वळले. स्वतःच्या हातावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास.

पहिल्या डब्यातली काडतुसं स्वस्तातली. एक गोळी सुटली, पुंगळी अडकली. मामांनी ती चिमट्यानं ओढून काढली, बोटं पाहिली आणि चेहरा असा केला की जणू झुरळ चिरडलं. "कसलं मेण लावत्यात मेले, शेंबडावाणी." रुमालाला बोटं पुसली, तो रुमाल टाकून दुसरा काढला. दुसऱ्या डब्यातली मंद आवाजाची. "ह्यात जोरच न्हाई, पुंगळी भायेर पडंल कशी?" तिसरी जास्त जोराची. तीही अडकली. "ह्यात नुसती काजळी." चौथ्या डब्यात तांब्याचा मुलामा दिलेली परदेशी, लई भारी म्हणून दादाभाऊंनी खास मागवलेली. एक सुटली, दुसरी सुटली. दादाभाऊ हसायला लागले तोच तिसरीची पुंगळी तशीच आडवी. मामांनी एकेका कंपनीच्या सात पिढ्या धुवून काढल्या. खाणीत रुमालांचा ढीग झाला. मला त्या बंदुकीपेक्षा त्या रुमालांचीच किळस यायला लागली, कारण धुवायचे मलाच होते.

दादाभाऊ खूश झाले. "बगा लंकामावशी, सगळा माल भिकार. गेणभाऊ, सांगा आता गावाला."

लंकाबाई उठल्या. मामांकडे न बघता म्हणाल्या, "चार डबे, चारी खराब. बरं हाय." आणि चालू लागल्या.

ते मामांना लागलं. त्यांनी हाक मारून त्यांना थांबवलं, गोणपाट अंथरलं आणि रायफल उघडली. पुंगळीची कड पकडून तिला बाहेर ओढणारा एक बारीक आकडा असतो. त्याच्या खाचेत त्यांनी काडी घातली. काडीच्या टोकाला पिवळट, घट्ट, चिकट गोळा आला. "हे बगा मेण," म्हणत त्यांनी सवयीनं तो नाकाशी नेला.

काडी तशीच नाकाशी राहिली. मी जवळ गेले आणि मलाही वास आला. हळद होती ती, तेलात मुरून आंबूस झालेली.

मला दसरा आठवला. दादाभाऊंच्या ओसरीवर शस्त्रपूजा, आणि पूजेला मान गेणभाऊंचा. पाटावर रायफल ठेवताना मामांनी तिचं तोंड उघडं ठेवायला लावलं होतं. हत्यार रिकामं आहे हे चार लोकांना दिसलं पाहिजे, अशी त्यांची शिस्त. आणि मग येळकोट म्हणत त्या उघड्या तोंडावर त्यांनीच मूठभर भंडारा उधळला, वरून तेलाचे थेंब सोडले, फडक्यानं वरवर पुसलं आणि रायफल मिटली. भंडारा आणि तेल आत आटून घट्ट झालं. दादाभाऊंनी ती त्यानंतर बाहेर काढली ती डुकरापुढंच.

दादाभाऊंना कळायला वेळ लागला, पण कळलं तेव्हा ते खाली वाकून हळूच म्हणाले, "देवाचा भंडारा हाय, गेणभाऊ. त्याला कोन दोष देतंय? काडतुसावर ढकला आन मोकळं व्हा. तुमाला का त्या घानीत उतरायचंय?"

मी मामांकडे बघत होते. खरं सांगते, मला वाटलं हा माणूस ढकलेल. ज्याला कपाच्या कडेवरचा ओठाचा डाग सोसत नाही, तो त्या विहिरीत उतरेल हे मला पटतच नव्हतं. ते त्या काडीकडे बघत होते.

"लंके," ते शेवटी म्हणाले, "काडतुसं चांगली हायेत. घान माज्या हातची हाय."

मग त्यांनी आकडा रॉकेलनं धुतला, पुसला आणि पहिल्या डब्यातली स्वस्तातली काडतुसं भरली. सगळी एका मागोमाग एक सुटली. पुंगळ्या टपटप बाहेर पडल्या. दादाभाऊंनी आनंदानं रायफल घ्यायला हात पुढं केला.

"आता गावतंय डुक्कर."

"ह्या गोळीनं डुक्कर मरत न्हाई, नुसतं पळतं," मामा म्हणाले. "हे मला ठावं व्हतं, तरी मी गप बसलो. कुलपात ठेव तिला. आन तुजी पान्याची मोटर घेऊन ये विहिरीवर."

मोटारीनं पाणी खेचलं, पण बुडाचा गाळ मोटारीला ओढता येत नव्हता. मामा दोरानं खाली उतरले. गाळाच्या पाट्या भरताना ते ओकत होते, तोंड पुसत होते, पुन्हा भरत होते. वर दादाभाऊ नाकाला रुमाल लावून दोर ओढत होते. मामांनी मात्र रुमाल घेतला नव्हता. घरी आल्यावर सासूबाईंनी अंगणातच त्यांच्यावर हंड्यामागून हंडा ओतला.

विहीर नव्या पाण्यानं भरली. औषध टाकलं, पाणी तपासून आलं, पिण्यासारखं असल्याचा निरोप आला. तरी वाडीतलं कोणी घागर लावेना. जो तो विहिरीत डोकावून बघायचा आणि थुंकून मागं फिरायचा. सगळ्यांनाच आता नाकं फुटली होती. लंकाबाई तेवढ्या रोज पाणी शेंदून ओतून द्यायच्या, पण प्यायच्या त्याही नाहीत.

एका सकाळी मामा मला म्हणाले, "चल." आम्ही गेलो तेव्हा लंकाबाई बटाट्याला मातीची भर लावत होत्या. आम्हाला पाहून उठल्या. वाडीतल्या दोन-चार बायका घागरी घेऊन लांब उभ्या होत्या. मामांनी विहिरीच्या काठावर बसत म्हटलं, "पानी दे, लंके."

लंकाबाईंनी मामांकडे पाहिलं. मग ताजी बादली शेंदली आणि पेला तसाच आत बुडवून भरला. मातीनं भरलेला त्यांचा अंगठा पेल्यात पार बुडालेला होता. मुद्दाम की सवयीनं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मामांनी तो अंगठा पाहिला. मीही पाहिला. त्यांनी पेला घेतला, डोळे न मिटता सगळं पाणी संपवलं, आणि रिकामा पेला पुन्हा लंकाबाईंच्या पुढं धरला.