मंडईच्या दिवशी आलेली पार्टी

घर विकायला काढलं तेव्हा मला वाटलं, गिऱ्हाईक मिळायलाच जड जाईल. गिऱ्हाईक तर धडाधड मिळत गेले. जड गेली ती माझी माय.

नागभीडहून थोडं आत आमचं गाव. बाबा गेल्यावर माय त्या पाच खोल्यांत एकटीच राहायची. मी एकुलती, चंद्रपूरला शाळेत शिकवते. मागच्या पावसाळ्यात माय न्हाणीत घसरून पडली आणि अर्धा दिवस तशीच पडून राहिली. शेजारीण ताक मागायला आली म्हणून कळलं तरी. त्यानंतर मायने दोन रिंगमध्ये फोन उचलला नाही की मी लगेच शेजारणीला फोन लावायचे. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मी मधेच थांबायचे, पोरं हसायची. शेवटी म्हटलं, "माय, घर विकू अन् तू माझ्याकडे चल." माय म्हणाली, "वीक." इतक्या पटकन म्हणाली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

नागभीडचा एक एजंट धरला. जुने ट्रॅक्टर, प्लॉट, विमा, सगळं एका मोटरसायकलवरून विकणारा माणूस. गिऱ्हाइकाला तो 'पार्टी' म्हणायचा. पहिली पार्टी घेऊन आला तेव्हा मायने चहा केला, समोर बसली आणि अगदी प्रेमानं सुरू झाली. "ह्या भिंतीले ओल येते बरं. एप्रिलमंदी विहीर खाली जाते. माकडं छपराचे कवेलू फोडतेत. अन् मांगच्या साली वाघ त्या बांधावून गेला, तो बांध इथून दिसते पाहा." पार्टीनं अर्धा चहा तसाच ठेवला. दुसऱ्या पार्टीला तिनं स्वतःहून सांगितलं की सैपाकघराची दिशा चुकली आहे. तिसऱ्याला सगळं पसंत पडलं होतं, तो अंगणात उभा राहून फोनवर कुणाला तरी 'जमलं' म्हणत होता, तर ही मागून म्हणते, "उंदरं लई हायेत भाऊ इथी."

एजंट कपाळाला हात लावून मला म्हणाला, "मॅडम, धंद्यात माहे केस पिकले, पन इतकं खरं बोलनारी मालकीण नाई पाह्यली. बाईंले सांगा, तुमी बोलू नका, फक्त हासा."

मी भडकलेच होते. "माय, घर विकून राह्यलो आपण का लोकांना गावाबाहेर हाकलून राह्यलो?"

"खोटं बोलू काय मग? तू पोरायले हेच शिकवतं काय?"

मी पिशवी उचलली आणि चंद्रपूरची बस धरली.

चौथी पार्टी माजरीची होती. कोळसा खाणीतले फोरमन, रिटायर व्हायला आलेले. क्वार्टर सोडावं लागणार, म्हणून नवरा-बायको घर शोधत होते. एजंट म्हणाला, हे लोक पक्के आहेत, मॅडम, फक्त बाईंचं तोंड सांभाळा. मी मायला फोन केला. "रविवारी पार्टी येईल. चालेल ना?"

"आन न. रविवारी तं चांगलंच हाये," माय म्हणाली.

रविवारी बसमधून उतरले आणि जागीच थिजले. आकाशपाळणा! जिलेबीची कढई! भोंगे, फुगे, चौकात नाटकाचा मांडव! आमच्या गावाची मंडई! दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावागावाची मंडई असते, गाव आपापला दिवस ठरवतं आणि त्या दिवशी जगातले सगळे पाहुणे येतात. सगळे म्हणजे सगळे. मावशीच्या दिराच्या व्याह्यांपर्यंत. आणि मी, याच गावची लेक, शहरात राहून राहून तारीख विचारायची विसरले होते.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पस्तीस तरी माणसं असतील. प्रत्येक खाटेवर एक मामा. पुढच्या पडवीत, म्हणजे आमच्या सपरीत, भाज्या चिरणाऱ्या बाया, न्हाणीपुढे रांग, विहिरीवर कुणाची तरी आंघोळ चाललेली. एजंट फाटकातून आत आला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"मॅडम, हे कोन हायेत सगळे?"

"पाहुणे."

"मी तं पार्टीले सांगितलं, शांत घर हाये! म्हातारी एकटी रायते म्हनून!"

तेवढ्यात एक मामा त्याच्यापुढे पाण्याचा लोटा धरून म्हणाला, "पाय धुवा भाऊ, बसा जेवाले." एजंट पाय न धुताच पळाला, त्याच्यामागे मी. ठरलं असं की पार्टीला फाट्यावरच गाठायचं, काहीतरी कारण सांगून परत पाठवायचं आणि पुढच्या रविवारी बोलवायचं.

फाट्यावर आम्ही दीड तास उभे. ऊन, धूळ, आणि फोनला रेंज नाही. एजंट मोबाईल आकाशाकडे धरून गोल गोल फिरत होता. मला एकाएकी हसू फुटलं आणि ते थांबेचना. एजंट चिडला, "तुमी हासून राह्यल्या मॅडम, माही इज्जत चालली!" मग तोही हसायला लागला. पोट धरून हसत असतानाच त्याच्या फोनला रेंज आली आणि मेसेज वाजला. फोरमनचा होता. 'कॅनॉलच्या रस्त्याने पोहोचलो. जेवण झालं. तुम्ही कुठे आहात?'

मोटरसायकलवरून आम्ही कसे आलो ते देवाला माहीत. आमच्याकडे मंडईच्या दिवशी दारात आलेल्याला 'तुम्ही कोण' असं विचारत नाहीत. विचारलं तर तो अपमान होतो. पाणी द्यायचं, बसवायचं, वाढायचं. कुणाचा ना कुणाचा असेलच. फोरमनलाही तसंच वाढलं होतं. भरपेट जेवून ते माझ्या मोठ्या मामाशेजारी खाटेवर आडवे झाले होते आणि दोघं जिवाभावाच्या गप्पा मारत होते.

आणि त्यांची बायको? मागच्या अंगणात, चुलीपाशी, पदर खोचून, मायच्या शेजारी बसून लाखोळीच्या डाळीचे वडे थापत होती. माय झाऱ्यानं वडे काढत होती आणि तोंड सुरूच होतं.

"ह्या खोलीत मे महिन्यात बी कूलर लागत नाई पाहा. अन् विहिरीचं पानी असं गोड का डाळ दोन उकळीत शिजते. ह्या सपरीत माह्या नणदेचं बाळंतपण झालं. शेजार इतका चांगला, मी पडली तं बाई हप्ताभर डबा देत होती."

एजंटनं माझा दंड गच्च धरला. "बोलू द्या मॅडम. बोलू द्या!" त्याचे डोळे चमकत होते. मी तोंडात पदर कोंबला. गिऱ्हाइकापुढे घराचे दोष सांगणारी माझी माय पाहुण्यापुढे मात्र घराचं कौतुक करताना थकत नव्हती. घर विकायचा खरा रस्ता हा होता आणि तो आम्हा दोघांनाही सुचला नव्हता!

पण माणसाला आनंद पचतो थोडाच. एजंट पुढे होऊन म्हणाला, "वा बाई! पार्टीले तं तुमीच सगळं दाखवलं!"

"कोनती पार्टी?"

"आमीच न बाई," फोरमनची बायको पिठाचे हात तसेच धरून म्हणाली. "घर पाहाले आलो."

मायचा झारा कढईवर तसाच राहिला. वडे काळे पडायला लागले.  मला वाटलं, आता ही ओल, उंदीर, वाघ सगळं बाहेर काढणार. मायनं आधी कढई उतरवली. मग त्या बाईकडे बघून विचारलं, "तुह्या घरी पाहुणे येतेत का वं?"

"दोन खोल्यांचं क्वार्टर बाई. निजवू कुठी? सकाळी येतेत, चहा घेतेत अन् जातेत."

मायनं घरातल्या गर्दीकडे हात केला. मग म्हणाली, "हे लोक दर साली येतीन. मी नसली तरी येतीन. त्यायले माहीत नाई दुसरीकडं जानं."

"येऊ द्या न. मले वडे जमते आता."

"मग घे," माय म्हणाली.

एजंटनं उडीच मारायची बाकी ठेवली होती. मी मायला मिठी मारायला गेले, तर तिनं मला हातानं थोपवलं. "माह्यं तं झालं. पन तुह्याकडं कोन येते वं? तुह्या घरी मी आली का दोन दिवस तुह्या बंद दाराकडं पाहत बसते. दार वाजलं तं दूधवाला."

इतके महिने मी तिच्या हाडांची काळजी करत होते. तिची भीती मी एकदाही विचारली नव्हती. फार लाज वाटली मला. माझ्या घरी खरंच कुणी येत नाही. मी कधी कुणाला 'या' म्हटलंच नव्हतं.

मी सपरीच्या पायरीवर चढले आणि वर्गात ओरडते तशी ओरडले, "ऐका सगळ्यांनी! माय माझ्याकडे आली का पहिल्या रविवारी समद्यांनी चंद्रपूरला जेवायला यायचं!" मामा लोक खाटेवर उठून बसले. कुणी तरी विचारलं, मटन हाये का?

आणि आले की मेले सगळे! दोन खोल्यांचा फ्लॅट, तिसरा मजला, चपला पार खालपर्यंत. फोरमन नवरा-बायकोही आले, एजंटही आला. गच्चीवर दुसरी पंगत बसवली. समोरच्या फ्लॅटमधली बाई, जिच्याशी माझं इतक्या वर्षांत मान हलवण्यापुढे कधी गेलं नाही, दार उघडून बावरून बघत राहिली. "काय कार्यक्रम आहे हो?"

माय दारातच उभी होती, हातात पाण्याचा जग. "कार्यक्रम काई नाई बाई," ती म्हणाली. "घर हाये माह्यं. पाहुणे आले. या, तुमीबी बसा जेवाले."