मल्लव्वाचा देव आणि गुहेतली कुऱ्हाड

मुडबीजवळच्या गुहेत खोदकाम सुरू झाल्यापासून मल्लव्वाचं शेतात लक्ष कुठलं! साठी उलटली तरी रोज बघायला सगळ्यांच्या पुढं. त्या दिवशी आदिमानवाची दगडी कुऱ्हाड निघाली, तशी ती किंचाळलीच, "अगं बाई, ह्यो तर माझ्या लिंबाखालचा देव!"

खोदकामाच्या मॅडम धावतच तिच्या बांधावर आल्या. शेंदराखाली खरंच तसलीच कुऱ्हाड!

"अक्का, ही संग्रहालयात न्यावी लागेल."

"न्हाई! सासूनं पुजलेला देव हाय. तुमचीच इकडं आणा की, जोडीला जोड होईल."

जुळवून बघायला मॅडमनी गुहेतली कुऱ्हाड आणून देवाशेजारी ठेवली. त्या कॅमेरा काढेपर्यंत मल्लव्वानं तिलाही शेंदूर फासला होता.

"आता दोघं बी हितनं हलायची न्हाईत!"