तात्यांची बॉडी

सकाळी मामेभावाचा, बाळूचा, मोबाईलवर निरोप आला : ‘तात्यांची बॉडी केडगावहून निघाली. दुपारी सोनईत. नक्की ये ताई.’ तात्या म्हणजे माझे मामा. बाळू फोन उचलेना. नवरा तापानं पडलेला, म्हणून मी एकटीच पुण्याहून एसटीत बसले.

सुप्याला गाडी थांबली. दुःखानं घशाखाली काही उतरत नव्हतं, म्हणून दोनच वडे खाल्ले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "कुठं निघाली गं?"

"सोनईला. मामांची बॉडी यायचीय."

"आगं आई! लई वय हुतं का?"

"सत्तरी ओलांडली होती."

"मग सोनं झालं म्हनायचं," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात पेरू ठेवला. तोही खाल्ला.

नगरला गाडी बदलली, मोठा हार घेतला. घोडेगावनंतर ऊस सुरू झाला. इतका हिरवागार, की मला त्याचा रागच आला.

सोनईत मामांच्या दारात मांडव, ही गर्दी, आणि चक्क हलगी वाजत होती. मी कोपऱ्यावरूनच हंबरडा फोडला, "तात्याऽऽ!"

"काय गं?"

आवाज वरून आला. दारातल्या टेम्पोत, स्टिअरिंगमागे, गुलाबी फेटा बांधून तात्या बसले होते.

"तुमची बॉडी...?"

"ही काय मागं!" त्यांनी मोर रंगवलेल्या हौद्याकडे (माल भरायच्या मागच्या भागाकडे) बोट दाखवलं. "नुसता सांगाडा घेतला हुता. बॉडी केडगावला बांधली. कशी हाय?"

"छान आहे," म्हणून मी पुन्हा रडायला लागले. हार टेम्पोला घातला. मामींनी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला.

"बॉडी माणूस मेल्यावर म्हणतात!" मी बाळूवर ओरडले.

"मंग पोरं जिमला जाऊन बनवत्यात ती?"

जेवायला शिपी आमटी (काळ्या मसाल्याची झणझणीत डाळ) होती. भुरके मारताना मी विचार करत होते. इंग्रजांच्या जिवंत माणसालाही बॉडी असते. आपल्याला जिवंतपणी अंग असतं, तब्येत असते. बॉडी मिळते ती मेल्यावर, नाहीतर जिममध्ये, नाहीतर केडगावात. हे तात्यांना सांगितलं.

"मंग मी जित्तेपनीच करून घेतली," ते म्हणाले. "वर मोर बी काढले."

या गडबडीत घरी कळवायचं राहूनच गेलं. परतीच्या गाडीत नवऱ्याचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला.

"बॉडी नेली का गं?"

"नेली," मी म्हणाले. "तात्यांनीच चालवत नेली. कांदे भरायला."

तो हळूच म्हणाला, "तू आधी थोडं पाणी पी."